ताईला टपालानं गेलेली पत्रिका

आबा, परवा मी दौंडला ताईकडे जाऊन आले. माझ्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं आहे, त्याची पत्रिका द्यायला. दार तिनंच उघडलं. माझ्या हातातली पत्रिका आणि कुंकवाची डबी बघून म्हणाली, "अगंबया, सवता आलीस? तुमच्याकडचा पोस्टमन मेला का काय?" मला थट्टा वाटली. पण ती हसत नव्हती.

माझी पत्रिका तुम्हाला आठवत असेल. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, मार्केट यार्डात पुन्हा माल यायला लागला होता. ताईनं स्वतःच्या मनानं रेल्वेतल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नव्हतं. शिरूरच्या छापखान्यात आपण दोघं बाकावर बसलो आहोत. मालक विचारतो, मुलगी कितवी? मी खाली बघते. तुम्ही म्हणता, "द्वितीय कन्या छापा. दोन हायेत तर दोन." मला इतका आनंद झाला, की पुढं गणपतीचा ठसा कोणता निवडला तेही आठवत नाही. घरी चुलीपुढं बसून सगळ्या पाकिटांवर नावं मीच घातली. लांबच्यांची पाकिटं छापील कागदांच्या स्वस्त टपालानं, बुक पोस्टानं जायची, म्हणून उघडीच ठेवली. ताईच्या पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना कुंकू लावलं आणि छापलेल्या मजकुराखाली शाईनं लिहिलं, "ताई, पहिली हळद तू लावायची. तू आल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही." आई म्हणाली, हीसुद्धा टाका पेटीत. तुम्ही तिच्यावर उखडलात. "घरच्या लेकीला टपालानं बोलवत्यात व्हय? परकी हाय का ती? मी सवता जातो."

सकाळच्या एसटीनं गेलात आणि दिवेलागणीला परत आलात. पिशवीतून हिरवा खण काढून माझ्या हातात दिलात. "तुझ्या ताईनं दिलाय. येती म्हणली."

हळदीच्या दिवशी मी पाटावर बसेना. वडगाव रासाईहून नवऱ्याकडची उष्टी हळद आली होती, बायका खोळंबल्या होत्या, आणि माझं लक्ष दाराकडे. तेव्हा तुम्ही माझ्याजवळ उकिडवे बसलात, उपरण्यानं माझे डोळे पुसलेत. "शब्द देऊन आली न्हाई. आता तिची वाट बघू नगं, बाळा." मी बसले. त्या दिवसापासून ताई माझ्या मनातून उतरली. तुमच्या मयताला ती आली, तुमचं तोंड बघून परत गेली, आणि मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

परवा मी तिला म्हटलं, "खण पाठवलास, येते म्हणालीस, आणि आली का नाहीस?"

"कसला खण?" ती म्हणाली. "आबा आन् माझ्या दारात? कवा? टपालानं आली तुझी पत्रिका. कुंकवाचा ठिपका न्हाई, हातानं लिहिलेलं एक अक्षर न्हाई. पाकिटावर अक्षर तेवढं तुझं. आबांचं मला काय वाटलं न्हाई. पर म्हटलं, हिनं पण मला बुक पोस्टात काढलं."

म्हणजे माझ्या पाकिटातली पत्रिका काढून तुम्ही दुसरी कोरी घातलीत आणि पाकीट टपालात टाकलंत. तुम्हाला ती मांडवात नको होती, पाहुण्यांपुढं मान खाली जाईल असं वाटलं असेल, हे मी समजू शकते. तसं सांगितलं असतं तर रडले असते, कदाचित भांडलेही असते. पण तुम्ही माझ्या अक्षरानं तिला तोडलंत, आणि तिच्या नावानं मला खण दिलात. दिवसभर तुम्ही होतात कुठे, आबा? माझी कुंकू लावलेली पत्रिका कुठे टाकलीत?

मी ताईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, चहा ठेवला. "आता तू म्हणतीस तर आसंल," एवढंच म्हणाली. तिला खरं वाटलं की नाही, मला कळलं नाही. खरं काय घडलं हे सांगू शकणारं माणूस एकच होतं, तुम्ही. निघताना पाया पडले तेव्हा म्हणाली, "न्यायला माणूस धाड. मग बघू." मुलाला पाठवणार आहे. या पत्रिकेवर तुमचं नाव सगळ्यात वर आहे, "कैलासवासी" लावून. मी दौंडला जायच्या आधीच छापून झालं होतं.

तो खण मी कधी शिवला नाही. ताईवरच्या रागानं शिवला नाही आणि ताईचा म्हणून टाकलाही नाही. परवा परत आल्यावर, भांडी घासायला येणाऱ्या बाईला द्यायचा म्हणून ट्रंकेतून काढला. तिनं हात पुढं केला होता. मी तिला दुसरा दिला. हा कागद कुठं धाडायचा नाही, तो आता त्याच ट्रंकेत ठेवते आहे. खण घडीचा तसाच आहे. कुठल्या तरी दुकानात बसून तुम्ही तो माझ्यासाठी निवडला असणार. रंग मला आवडतो, आबा.