रिकामी नळी

प्रिय फोतिनी,

ईस्टरला तू फाटकाबाहेर उभी राहून आईच्या हातात लाल अंडी दिलीस आणि गाडी वळवून निघून गेलीस, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चरफडत होते. "बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, आता हिला कुणाची भीती? नुसती नाटकं," असं आईला ऐकवलंसुद्धा. दर वर्षी ती तुझ्यासाठी तिसरं ताट मांडते, ते आईनं उचलून ठेवलं. तिला ब्याऐंशीवं लागलंय. तू एकदा तिच्यासमोर बसून जेवावंस, याखेरीज तिनं हल्ली काहीच मागितलेलं नाही.

माझ्या कामाची तुम्ही दोघी कायम थट्टा करता. "आमची संत्री माशांनी नासवली, आणि ही शहाणी ॲडलेडला जाऊन माशाच पाळते," हे आईचं ठरलेलं. फळं नासवणाऱ्या माशा वेगळ्या आणि पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या, माझ्या प्रयोगशाळेतल्या चिलटाएवढ्या माशा वेगळ्या, हे सांगून मी थकले. घरी येताना, बागांना माशीची लागण होऊ नये म्हणून नाक्यावर बसवलेला माणूस पिशवीतलं फळ काढून घेतो आणि कुठे काम करता म्हणून विचारतो, तेव्हा मी सरळ "शाळेत" म्हणते. उगाच कशाला कटकट?

पण आज थट्टा बाजूला ठेवून ऐक. माशीच्या डोक्यावरच्या इवल्याशा मिशांमध्ये वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. कुठली पेशी तिला जवळ बोलावते आणि कुठली पळ म्हणते, ते आम्ही शोधतो. माशा नळीत घालून जोरात हलवल्या की त्या घाबरतात आणि एक वास सोडतात. त्या माशा काढून घेतल्या, नळी रिकामी झाली, तरी वास मागे राहतो. मग दुसरी माशी, जिला कुणी धक्काही लावलेला नाही, त्या नळीच्या तोंडाशी येते आणि माघारी फिरते. जिची वास घेणारी ती पेशी आम्ही बंद पाडलेली असते, ती मात्र खुशाल आत शिरते.

हे मी कितीतरी वर्षं पोरांना शिकवते आहे आणि मागच्या महिन्यात मीच चुकले. माशा काही केल्या नळीत जाईनात. माशाच बिघडल्या असं धरून मी त्यांना शिव्या घालत बसले, नवी पैदास मागवली, तरी तेच. शेवटी आमची प्रमुख इनेका कॉफीचा कप घेऊन आली. "डेस्पी, नळ्या कुठून घेतल्यास?" मी वापरलेल्या नळ्यांच्या ट्रेमधून घेतल्या होत्या. "मग माशांचं काय चुकलं, बाई? नळ्या बदल." सगळे हसले, मीही हसले. आणि हसता हसता एकदम मला फाटकाबाहेरची तुझी गाडी दिसली, इंजिन चालू ठेवलेली.

गारपिटीनं बाग झोडपली की बाबा घरात आदळआपट करायचे, आईवर हात उचलायचे. हे मला तू नाही, आईनं नाही, बाबांच्या मयताला आलेल्या आत्यानं सांगितलं, आणि मी ते खरंसुद्धा मानलं नव्हतं. मला आठवतं ते एवढंच, की त्यांच्या गाडीची चाकं खडीवर वाजली की तू माझा हात धरून मला बागेतल्या पाण्याच्या पाटावर बेडूक पकडायला न्यायचीस. किती मजेशीर बहीण आहे आपली, असं वाटायचं. मला घरी परत सोडताना तू आधी एकटी आत जाऊन यायचीस, हेही आठवतं. त्याचा अर्थ आत्ता कळला. माझी ती पेशी तू बंद ठेवलीस गं, आणि सगळा वास एकटीनं घेतलास. आणि त्याच घरात बसून मी तुला नाटकी म्हणत राहिले. फार वाईट वाटतं, फोतिनी. इतकी वर्षं तू फाटकाबाहेर उभी होतीस आणि एकदाही बाहेर येऊन तुझ्याशेजारी उभं राहावं, हे मला सुचलं नाही.

गेल्या रविवारी हे सगळं आईला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. सोलायची थांबली. म्हणाली, "म्हणजे मी त्याच नळीत राहिले की गं, जन्मभर." आणि मग, "मला तर वास येईनासाच झाला होता."

तेव्हा 'घरी ये' म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. ते आम्ही पुन्हा कधी म्हणणार नाही. आईनं घर विकायला काढायला सांगितलंय. येत्या रविवारी मी तिला तुझ्याकडे घेऊन येते आहे. तुझं ते तिसरं ताट तिनं आत्ताच कागदात गुंडाळून ठेवलंय. फक्त काल झोपायला जाताना तिनं मला विचारलं, की तो वास तिच्या अंगालाही लागला असेल का, तू दारातूनच मागे फिरशील का. त्याचं उत्तर तुलाच द्यावं लागेल.

अजूनही तुझीच धाकटी,
डेस्पिना