बिनकुलपाची खोली

वालूर,
२२ जानेवारी २०२४

ती. आक्का,
सप्रेम जयभीम. वि. वि. की,

तुझं पत्र आणि शेंगदाण्याचे लाडू पोचले. पत्र मी वाचलं, लाडू गावानं खाल्ले. तू विचारतेस, अजून अराज्यवादीच आहेस की वयानं अक्कल आली? आक्का, सहासष्टाव्या वर्षीही माझं म्हणणं तेच आहे, माणसाच्या डोक्यावर साहेब लागत नाही. त्यापायी दोनदा तुरुंगात बसलो, अकरा पुस्तिका लिहिल्या, आणि आपलं वाचनालय चोवीस वर्षं चालवलं. त्याला ना अध्यक्ष, ना नोंदवही, ना कुलूप. तरी पुस्तकं जागेवर आहेत.

आता तहसील कचेरीतून कागद आलाय. पंधरा फेब्रुवारीच्या आत अध्यक्षाचं नाव कळवा, नसता वाचनालयाची सरकारी खोली रिकामी करा. शेजारच्या कुसुमबाईंच्या ओसरीवर सगळे जमले. मीच अध्यक्ष व्हावं म्हणून हट्ट धरून बसले. मी सांगितलं, जन्मभर बोललो ते एका सहीनं खोटं करणार नाही. काळजी फक्त माझ्या मोठ्या वहीची वाटते. वीस वर्षं तीत वाचनालयाची हकिगत लिहितोय, शेवटचं प्रकरण राहिलंय. कुणालाही वाचता यावी म्हणून तीही त्याच खोलीत असते, आणि दुसरी प्रत नाही.

मी जगात एकाच सरकारला भितो, ते परभणीला राहतं. त्याची मर्जी राहू द्यावी.
तुझा,
सूर्यभान

परभणी,
२८ जानेवारी २०२४

चि. सूर्यभान यास,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

मी चौतीस वर्षं शाळा चालवली. घंटा झाल्याशिवाय एक पोरगं जागचं हलत नव्हतं, आणि त्यानं कुणाचं वाटोळं झालं नाही. अध्यक्ष झालास म्हणून तुला शिंगं फुटणार नाहीत. ते जमत नसेल तर निदान सेलूला जाऊन वहीची झेरॉक्स काढ. एवढं मोठ्या बहिणीचं ऐक. आई गेली तेव्हाही तू तुझ्या मतांपायी तुरुंगात होतास, मी काही बोलले नव्हते. वही गेली तर मात्र बोलेन.

जेवण वेळेवर घेत जा, आणि माझ्या रागाला लोभच समज.
तुझी,
आक्का

वालूर,
१४ फेब्रुवारी २०२४

ती. आक्का,
सप्रेम जयभीम.

वर्तमान चांगलं नाही. तुझं ऐकून सकाळी सेलूला गेलो. झेरॉक्सच्या दुकानात पिशवी उघडली तर आत छत्री. वही खोलीतच राहिलेली. उलट पावली आलो, तर सगळ्या मांडण्या रिकाम्या! पुस्तकं गेली, वही गेली. विचारावं कुणाला? सगळा गाव हरभरा काढायला रानात.

मग मी जे केलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? मी पोलिसांत गेलो. एकेकाळी ओढत नेलं होतं, आज आपल्या पायांनी गेलो. जमादार महारुद्र यांनी चहा पाजला आणि अर्ज पुढं केला. मी हुद्द्याची ओळ कोरी सोडली. त्यावर ते म्हणाले, हुद्दा न्हाई तर चोरी कुणाची झाली म्हणायची? मी लिहिलं, अध्यक्ष. खाली सही केली.

वही गेल्याचं दुःख आहेच. पण लोकांवर टाकलेला विश्वास चुकला की काय, असं आज पहिल्यांदा मनात आलं. ते सोसत नाही.

रागाव, पण पत्र पाठव.
सूर्यभान

वालूर,
२० फेब्रुवारी २०२४

ती. आक्का,
सप्रेम जयभीम.

आधीचं पत्र चुलीत घाल. चोरी झालीच नव्हती! कचेरीची माणसं येण्याआधी गावानंच खोली रिकामी केली आणि घरोघर पुस्तकं नेऊन ठेवली. मला का विचारलं नाही, म्हणून मी तणतणलो. कुसुमबाई म्हणाल्या, तुमीच सांगता न्हवं, कुणाच्या हुकमाची वाट बघू नका म्हणून? मग तुमाला कशाला इचारायचं?

अर्ज मागे घ्यायला गेलो, तर त्यालाही अध्यक्षाचीच सही लागली. पंधरा तारीख उलटल्यावर कचेरीनं खोलीला कुलूप ठोकलं. आत एक केरसुणी आहे.

वही कुसुमबाईंकडे निघाली. त्यांना अक्षरओळख नाही, नात सुकेशनी वाचून दाखवते. वाचून झाल्याबिगर परत मिळायची न्हाई, असं मला बजावलं. काल संपली. म्हणाल्या, लय चांगलं लिव्हलंय. पण चोवीस वर्षं तुमच्या सभेला चहा कोण करायलंय, हे एकदा बी न्हाई त्यात.

आक्का, खरंच नाही. मी पानं उलटून पाहिली. लाज वाटली.

आता शेवटचं प्रकरण कुसुमबाई सांगतात, सुकेशनी लिहिते, आणि चहा मी करतो.

तुझा,
सूर्यभान (माजी अध्यक्ष)

परभणी,
२४ फेब्रुवारी २०२४

चि. सूर्यभान यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

मागचं पत्र चुलीत घातलं नाही. ‘अध्यक्ष’ हा शब्द तुझ्या हातचा आहे, जपून ठेवणार.

एक कबुली देते. तुमच्या वाचनालयाचं एक पुस्तक अकरा वर्षं माझ्या कपाटात आहे. नोंदवही नाही म्हणून तू कधी मागितलं नाहीस, आणि मुख्याध्यापिका असून मी कधी परत केलं नाही. आता ते इथंच राहील, कपाटाचं कुलूप तेवढं आज काढलं. कुणाला हवं असेल तर माझ्या घरी पाठव.

शनिवारी येते. तुझ्या हातचा चहा प्यायचाय, साखर बेतानं घाल.
तुझी,
आक्का