आधी अधू हात

१४ जानेवारी २००७, रविवार
मनोरमेचा डावा हात अर्धांगवायूने गेला, त्याला सहा महिने झाले. फिजिओथेरपीवाली हेमाली आज नियम सांगून गेली. पलंगावर बसून कपडे घालायचे. बाहीत आधी अधू हात, मग बरा. काढताना उलटं. कालची पोर बायकोला कपडे घालायला शिकवणार! मी अठ्ठावीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो.
पंचवीस फेब्रुवारीला नीलिमाचा साखरपुडा. मनोरमा म्हणते, लेकीच्या सासरच्यांपुढे मला कुणी नेसवून उभी करू नका, माझी मी नेसणार. संकल्प: तोवर तिला हुक, नाडी, निऱ्या, सगळ्यातून मोकळं करायचं.

१६ जानेवारी
ब्लाउजचं फुल-साइज ड्रॉइंग केलं. हुक रद्द, बाजूला वेल्क्रो. एक रेघ वाकडी गेली. रेघा आखायचा टी-स्क्वेअर सैल झालाय.

२० जानेवारी
ड्रॉइंग दशरथ टेलरला दिलं. म्हणे, साहेब, ताईंना एकदा घेऊन या, अंगावर माप घेऊ. म्हटलं, ड्रॉइंग असताना माणूस कशाला?

२९ जानेवारी
ब्लाउज आला. वेल्क्रो नेमकं उजव्या काखेखाली! तिथे तिचा उजवा हात पोचत नाही आणि डावा हलत नाही. मी तर कागदावर डावीकडे काढलं होतं. दशरथ म्हणतो, साहेब, समोरून बघितलं तर कागदाची डावी ती ताईंची उजवीच की. आता हा मला ड्रॉइंग शिकवणार.
आत अडकलेली मनोरमा आधी हसली, मग रडली. सोडवायला वीस मिनिटं लागली.

२ फेब्रुवारी
चहाचा कप हातातून पडला. नवे कप, कान गुळगुळीत. मनोरमा कपाकडे बघतच नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती.

७ फेब्रुवारी
मुर्धा गावची कोळीण इंदुबाई मासळी घेऊन आली. बोंबलाची थाळी माझ्या हातून निसटली. ती म्हणाली, दादा, तुमचा हात बरा न्हाय, माझ्या घरवाल्याचा असाच चालू झालता. पुढे त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. बोंबील शिळे होते.

११ फेब्रुवारी, दुपारी
योजना दोन: शिवलेली साडी. निऱ्या पक्क्या, कमरेला इलॅस्टिक. दशरथवर भरवसा नाही, सुई मीच घेतली. पाऊण तास दोरा ओवत होतो. हल्ली दोरे जाड येतात.
मनोरमा म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मग गंभीर झाली. अहो, आजच डॉक्टरकडे जा, माझंही असंच सुरू झालं होतं. म्हटलं, साखरपुडा होऊन जाऊ दे. ती म्हणाली, माझ्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात, नीलिमाची परीक्षा होऊन जाऊ दे.
मी पुन्हा सुई हातात घेतली. भीती वाटली, पण ती तिच्या तब्येतीची.

१८ फेब्रुवारी
उजवी चप्पल जिन्यातच राहिली. खाली गेटपाशी पोचल्यावर कळलं. पट्टा सैल. चप्पल बदलायची.
हेमाली आणि मनोरमा रोज दार लावून तासभर काहीतरी करतात. माझी शिवलेली साडी खुर्चीवर तशीच पडून आहे. निऱ्या जरा उलट्या शिवल्या गेल्यात, एवढंच.

२४ फेब्रुवारी
उद्या जावयाला कुंकू लावून नारळ द्यायचाय, उजव्या हाताने. आज जेवताना दोनदा बोलायला गेलो आणि शब्द तोंडातच गोळा झाला. पोळी कोरडी होती. दशरथकडून नवा शर्ट शिवून आणलाय, सात बटणांचा. सरावाची गरज नाही.

२५ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ
अक्षर वाईट आलंय. डाव्या हाताने लिहितोय, उजव्याला आज विश्रांती.
मनोरमा साडी नेसून बाहेर आली. एकटीने! जुनाच ब्लाउज, फक्त बाह्या सैल केलेल्या. साडी पलंगावर पसरून बसल्याबसल्या नेसली. माझं एकही ड्रॉइंग वापरलं नाही. तरी सुरुवात मीच केली होती.
माझं मात्र दुसऱ्या बटणाशीच अडलं. दशरथने काजं लहान केलीत. मनोरमा दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, खाली रिक्षा बोलावलीय, हॉलच्या आधी डॉक्टर. नारळ देईल नीलिमाचा मामा. मी म्हटलं, आधी शर्ट तर होऊ दे. शब्द नीट आले नसावेत. म्हणाली, बसा.
पलंगावर बसलो. तिने शर्ट काढला, झटकला, पुन्हा धरला आणि बाहीत माझा उजवा हात आधी घातला.
म्हटलं, चुकलीस, आधी अधू हात असतो. तिचा एकच हात चालतो आणि तो माझ्या बटणांवर होता, म्हणून तिला डोळे पुसता आले नाहीत.