उजवीकडची खुर्ची

दादा,

हे पत्र काही मी पाठवणार नाही. बाबा बरे आहेत, असं तुला फोनवर सांगितलं खरं, पण मलाच काही सुधरत नाहीये.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून ते ताटातलं उजवीकडचंच खातात. डावीकडची भाजी आवडत नसेल म्हणून मी मूर्खासारखी भाज्या बदलत बसले! आज डॉक्टर म्हणाल्या, त्यांना डावी बाजू जाणवतच नाही. आणि नोकरी सोडून आल्यापासून माझी खुर्ची त्यांच्या डावीकडेच.

संध्याकाळी ती उजवीकडे ओढली. बाबांचा चेहरा खुलला.

"आलीस? किती दिवस राहणार?"

हसावं की रडावं, कळेना. किती दिवस सांगू रे?

तुझी,
धाकटी