साडेपाच नटांच्या चाकाबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन नोंदणी व तपासणी कार्यालय,
चाचणी आवार, खिडकी क्रमांक चारच्या मागची खोली.

विषय : पिकअपचा मजबूत ॲक्सल काढून मोडका मूळ ॲक्सल परत बसवण्याच्या आदेशास नकार देण्याबाबत.

संदर्भ : १) आपले अंतिम सूचनापत्र. मुदत पंधरा दिवस, पैकी आठ पत्र पोचण्यातच गेले.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. उत्तर नाही.

महोदय,

अर्जदार व तिचा थोरला भाऊ बोअरमध्ये अडकलेल्या पाण्याच्या मोटरी काढून देतात. साधन एकच, एक पिकअप. तिच्या मागच्या बाजूला लोखंडी घोडी उभी केलेली आहे. तिच्यावरून साखळीने दोन-अडीचशे फूट पाइप मोटरीसकट वर ओढला जातो आणि तो सगळा भार मागच्या ॲक्सलवर येतो. एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की आपल्या तपासनिसांनी पहिल्या भेटीत या घोडीची नोंद 'शोभेची कमान' अशी केली होती.

१. मागच्या वर्षी एका शाळेमागच्या उतारावर मोटर काढत असताना मूळ ॲक्सल मधोमध तुटला व गाडी मागे बसली. मागे साखळी धरून भाऊ उभा होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला. पाय वाचला, पण आता तो काठीशिवाय चालत नाही, आणि जिना चढायचा म्हटला की आधी जिन्याकडे रागाने बघतो. हा भाऊ गॅरेजवाल्यांत 'उस्ताद' म्हणून ओळखला जातो. आपल्या कार्यालयातल्या दोन साहेबांच्या गाड्याही त्याच्याच हाताखालून गेल्या आहेत.

२. इस्पितळातून घरी आल्यावर उस्तादने पहिली चौकशी पायाची नव्हे, ॲक्सलची केली. त्याने खाटेवरून सांगायचे आणि अर्जदाराने गाडीखाली पडून करायचे, अशा रीतीने मोठ्या ट्रकचा मागचा ॲक्सल पिकअपला बसवण्यात आला. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका सरकवल्या, ब्रेकच्या नळ्या नव्या घातल्या, लेथवाल्याकडून शाफ्ट आखूड करून घेतला. नऊ दिवस लागले. परवानगीचा अर्ज त्याआधीच दिला होता. तेव्हा आधी बसवा मग दाखवा, असे खिडकी चारवरून सांगण्यात आले. दाखवायला नेल्यावर न विचारता बसवलाच कसा, असे त्याच खिडकीने विचारले.

३. आता घोडे कुठे अडले ते सांगते. पिकअपच्या पुढच्या चाकांना पाच-पाच नट आहेत. नव्या ॲक्सलमुळे मागच्या चाकांना सहा-सहा झाले. आपल्या तपासणी फॉर्मात 'प्रति चाक नट' हा रकाना एकच आहे. तपासनिसांनी पुढचे पाच व मागचे सहा यांची सरासरी काढून त्यात साडेपाच लिहिले. संगणकाने अर्धा नट घेण्यास नकार दिला. संगणकाचे यात काही चुकले असे अर्जदारास वाटत नाही. परंतु नापास गाडीला करण्यात आले, शेरा 'अर्धा नट पूर्ण करून आणावा' असा.

४. दुसऱ्या भेटीत खिडकीवरील लिपिकांनी तोडगा सुचवला की मागच्या प्रत्येक चाकाचा एक नट काढून टाकावा, म्हणजे पाच आणि पाच, सगळे जुळते. भार वाहणाऱ्या चाकाचा नट काढण्याची ही सूचना लेखी द्यावी, अशी विनंती करताच लिपिकांनी कानावर हात ठेवले व जेवणाची सुट्टी जाहीर केली. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

५. तिसऱ्या भेटीत मूळ ॲक्सल पुरावा म्हणून हजर करण्यास सांगण्यात आले. तो तुटलेला असल्याने अर्जदाराने दोन्ही तुकडे हातगाडीवर घालून आणले. आवक विभागाने 'ॲक्सल, नग दोन' अशी नोंद केली. या नोंदीच्या आधारे आपले अंतिम सूचनापत्र म्हणते की अर्जदाराकडे मूळ ॲक्सल एक नसून दोन उपलब्ध आहेत, सबब त्यापैकी कोणताही एक पंधरा दिवसांत बसवावा, अन्यथा नोंदणी रद्द करून गाडी अडकवून ठेवण्यात येईल. गाडी अडकली की आमचे काम बंद. उस्तादला दुसरीकडे कोण ठेवणार, हे आपणच सांगावे.

६. इथून पुढे मी 'अर्जदार' असे लिहीत नाही, कारण पुढचे मला स्वतःला म्हणायचे आहे. मी तो ॲक्सल बसवणार नाही. नोंदीत तो दोन नग असो की वीस. मजबूत वस्तू काढून मोडकी लावा, असे सांगायला तुमच्यापाशी नियम असेल. ती लावायला माझा हात उठत नाही. भावाचा पाय गाडीखाली चिरडल्याचा आवाज मी ऐकलेला आहे. तुम्ही ऐकलेला नाही, म्हणून तुम्हाला हे पत्र लिहिता आले. मला त्याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

७. तरीही आदेश कायम असल्यास माझी एकच अट आहे. तुकडे वेल्डिंगने जोडून मी जुना ॲक्सल बसवून आणते. चाचणी आपल्याच आवारात, उतारावर, घोडीला पूर्ण भार टांगून व्हावी. आदेशावर ज्यांची सही आहे, त्यांनी त्या वेळी गाडीच्या मागे साखळी धरून उभे राहावे. मी गाडीत बसून ब्रेक सोडते. एवढे झाल्यावर गाडी पास करा, नापास करा, माझी तक्रार राहणार नाही.

नम्रतेची ओळ इथे लिहायची असते. ती मागच्या तिन्ही अर्जांत लिहिलेली आहे, तीच याही अर्जाला धरावी.

आपल्या उत्तराची वाट न पाहणारी,
(सही)
मोटरवाली, पिकअपची नोंदणीकृत मालक

दिनांक : मुदतीचे सात दिवस शिल्लक असताना

सोबत :
१) भावाच्या पायाचा एक्स-रे, प्रत एक.
२) मागील तीन अर्जांच्या पोच.
३) संमतीपत्र. मजकूर : 'मी स्वखुशीने गाडीच्या मागे उभा राहत आहे.' नाव, पदनाम व सहीची जागा कोरी ठेवली आहे.