चौसष्ट मुद्द्यांचा जेसीबी

१४ नोव्हेंबर २०२३, पाडवा. सकाळी ७.१०
संकल्प. स्वतःचा जेसीबी घ्यायचा. सेकंड हँड, पण निवडून. (कंपनी कोणतीही असो, गावात खोदणाऱ्या पिवळ्या मशीनला जेसीबीच म्हणतात. मीही तसंच लिहितो.) आधी आपलं शेततळं, मग चार गावांची कंत्राटं. १५ जानेवारीला तळं तयार, भरलेलं. यात बदल नाही.

तळं कशाला, तर करमाडच्या मळ्यातल्या तीनशे मोसंबीला. झाडं सौ.ने लावली, म्हणजे मनकर्णाने. पाच वर्षं लेकरांसारखी वाढवली. यंदा पाऊस अर्धाच. विहिरीला संक्रांतीपर्यंत पाणी आहे, तोवर ते उपसून तळ्यात साठवलं तरच झाडं उन्हाळा काढतील. हिशोब तिचा आहे. मला मान्य आहे.

दुसरा संकल्प. काक्याचं मशीन माझ्या बांधाच्या आत येणार नाही. काक्या म्हणजे काकासाहेब, माझा चुलत भाऊ, दोन वर्षांनी लहान. मळा शेजारी, जेसीबी दारात. अकरा वर्षांपूर्वी आमच्या उस्मानपुऱ्याच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "झकास हाय दादा, आमच्या कडब्याच्या खोलीएवढा तर हायेच." लोक हसले. सौ.ही हसली. तेव्हापासून बोलणं बंद. कट्टर वैर.

सौ. म्हणाली, भाऊजींचं मशीन शेजारीच उभं आहे, आठ दिवसांत तळं होईल, एक फोन करा. सणाच्या दिवशी वैऱ्याचं नाव! बासुंदी गेली नाही. तीनच वाट्या घेतल्या.

१७ नोव्हेंबर
औरंगपुऱ्यातून जाड रजिस्टर आणलं. चिकलठाण्याच्या कंपनीत मी अठ्ठावीस वर्षं इनवर्ड इन्स्पेक्शनला होतो. माझ्या सहीशिवाय आत वॉशर आला नाही. व्हीआरएस देताना साहेब म्हणाले, आता थोडा माल आत येऊ द्या. गमतीने म्हणाले असावेत.

रात्रीपर्यंत तपासणीचे चौसष्ट मुद्दे काढले. मुद्दा १ ते १९, रंग.

२६ नोव्हेंबर
जालना रोडची तीन यार्डं पाहिली. सात मशीनं. सातही रिजेक्ट. एकाचा हॉर्न घोगरा. एकाच्या सीटला भोक. एकाच्या टायरांची नक्षी डावीकडे वेगळी, उजवीकडे वेगळी. यार्डवाला म्हणाला, "साहब, मशीन घ्यायलेत का पोरगी बघायलेत?" उद्धट. रजिस्टरमध्ये त्याचं नाव लाल शाईने लिहिलं.

५ डिसेंबर
ऑपरेटर ठरवला, त्रिंबक. वाडीवरचा, घरी मेंढरं, पण हा पंधरा वर्षं मशीनवर. म्हणाला, "मालक, घेताना मला संगं न्या. पहाटं थंड्या इंजिनाला सेल्फ मारून बघावं लागतंय."

मी ओळखलं. ऑपरेटरने मशीन पास करायचं आणि विकणाऱ्याने त्याला मागच्या दाराने खूश करायचं, ही इथली रीत मला ठाऊक आहे. न्यायचं नाही. इन्स्पेक्टर मी आहे.

१२ डिसेंबर
सौ. म्हणाली, विहीर एक परस खाली गेली, माणूसभर. मी म्हटलं, घाईने घेतलेला माल खराब निघतो. ती म्हणाली, मोसंबीला तुमचं रजिस्टर वाचून दाखवू का? हल्ली फार बोलते. मळ्यात जास्त राहिल्याचा परिणाम.

१९ डिसेंबर. मोठा दिवस
मिळालं! सांडूशेठचं यार्ड, चिकलठाण्याच्या पुढे. बघताक्षणी पसंत. रंगाच्या एकोणीस मुद्द्यांत एकोणीस. हॉर्न खणखणीत. सीटला कोरं रेक्झिन. चारही टायर एका नक्षीचे.

मी पोचलो तेव्हा मशीन चालूच होतं. सांडूशेठ म्हणाले, "तुमी येणार म्हून सकाळपासनं चालू ठिवलंय साहेब." याला म्हणतात कदर. बाकीच्यांनी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

मागचा हात वर उचलून दाखवला, इंजिन बंद केलं, तर तो आपोआप हळूहळू खाली येऊन टेकला. मी हटकलं. मला कोणी फसवू शकत नाही. ते म्हणाले, "सॉफ्ट हाय साहेब, झटका बिलकुल नाय." नवीन मुद्दा घातला. ६५, सॉफ्ट. बरोबरची खूण केली आणि सही केली.

२४ डिसेंबर
मशीन मळ्यात आलं. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. काक्या त्याच्या बांधावर उभा राहून बघत होता. जळत होता. हातही हलवला. मी पाठ फिरवली.

त्रिंबकने एक फेरी मारली, बकेटच्या मागे वाकला, नखाने रंग खरवडला. म्हणाला, "मालक, हे वेल्डिंग म्या केलेलं हाय. हे तर काकासाहेबाचं जुनं मशीन. मागल्या साली त्येंनी काढून टाकलं नव्हं का."

अर्धा तास मी मशीनभोवती फेऱ्या मारल्या. मग लख्ख प्रकाश पडला. हा तर विजय आहे! ज्या मशीनच्या जिवावर काक्या गावात मिरवत होता, ते आज माझ्या हुकमात. त्याला सांभाळता आलं नाही, मी सांभाळीन. सौ.ला समजावून सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. ऊन होतं.

२५ डिसेंबर
सुरू झालं नाही. थंडी आहे.

२७ डिसेंबर
दुपारी एकला ट्रॅक्टरची बॅटरी जोडून सुरू. त्रिंबक म्हणाला, इंजिनात दम नाही, गरम असलं तरच उठतं. म्हणून तर शेठने सकाळपासून पेटवून ठेवलं होतं. ऑपरेटर लोकांना दुसऱ्याचा चांगुलपणा दिसत नाही.

४ जानेवारी २०२४
तळ्याला सुरुवात. तासभर जोरात. मग हायड्रोलिक तापतं आणि भरलेली बकेट उचलत नाही. मी तोडगा काढला, अर्धीच भर. त्रिंबक माझ्याकडे बघत राहिला. हुशारीची या लोकांना सवय नसते.

९ जानेवारी
काक्याने हुरड्याचं बोलावणं धाडलं. निरोप घेऊन मुंजाबा आला, त्याचा सालदार. "दादाला अन वहिनीला घिऊनच ये म्हणले." डिवचायला, दुसरं काय. दरवर्षी धाडतो, निर्लज्ज. मी गेलो नाही. सौ. गेली, आणि हसत परत आली. माझ्यासाठी हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. खाल्ली. मनापासून नाही.

१५ जानेवारी. संक्रांत
तळं निम्मं. अर्थात, कोणत्या वर्षीची १५ जानेवारी हे संकल्पात लिहिलेलं नाही.

सौ. म्हणाली, मोटर आता दोन तासच चालते, मग हवा ओढते. तळं असतं तर आजपर्यंत भरलं असतं. तिळगूळ माझ्या हातावर ठेवला, पण 'गोड बोला' म्हणाली नाही.

३० जानेवारी. दुपारी २
बारा फूट खोल झालं. जवळजवळ पूर्ण. तीन बाजू कशा ताठ. एका कोपऱ्यात मात्र मशीनला चढायला-उतरायला ठेवलेला मातीचा उतार, बघवत नाही. माझ्या इन्स्पेक्शनमध्ये हा नापास. त्रिंबक म्हणाला, "उतार शेवटाला काढतेत मालक. मशीन भाईर निघल्यावर, वरनं." आडमुठा. तासाभराचं काम ह्याला चार दिवस पुरवायचंय.

तो जेवायला वाडीवर गेला आहे. मी महिनाभर बघून शिकलो आहे.

दुपारी ४.३०
मी स्वतः सीटवर बसलो. दीड तासात उतार साफ. चारही बाजू ताठ, चारही कोपरे काटकोनात. माझ्या हातचं काम. सौ.ला बोलावून दाखवलं. ती काठावर उभी राहून खाली बघत राहिली. मग तिने विचारलं, मशीन वर कसं येणार?

दुपारी ४.४०
मशीन आत आहे.

संध्याकाळी ६
मला शिडीने काढलं. त्रिंबक आला, खाली बघून मटकन बसला. म्हणाला, इंजिन बंद करू नका, रातच्याला माती लोटून उतार परत बनवतो. पण कोणाचं ऐकून काम करायची माझी पद्धत नाही, आणि मशीन आधीच बंद केलं होतं. सकाळी बघू.

३१ जानेवारी
सुरू झालं नाही.

२ फेब्रुवारी
नाही.

५ फेब्रुवारी
शहरातून मिस्त्री आणला. शिडीने उतरला, शिडीने चढला. म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, खोलायला मशीन वर आणावं लागेल, वर आणायला दुसरं मशीन लागेल. हे मला माहीत नव्हतं का?

तळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद घेऊन माणसं आली होती. आत डोकावली, एकमेकांकडे बघितलं, कागद पुन्हा टेम्पोत टाकला.

८ फेब्रुवारी
सतरा फोन. तालुक्यातली सगळी मशीनं सरकारी कामांवर. जो तो एकच सांगतो, "काकासाहेबाचं मशीन तुमच्या बांधालाच हाय की." सगळे फितूर. त्याने पढवून ठेवले आहेत.

११ फेब्रुवारी
सौ. पश्चिमेच्या ओळींना हंड्याने पाणी घालते आहे. डोक्यावर हंडा, भर दुपारी. मी म्हटलं, पाठ दुखेल. ती म्हणाली, "झाडं माझी हायेत. तुमचं वैर तुमच्यापाशी ठिवा. भाऊजींना फोन करता का मी करू?" शहरात एवढी वर्षं राहून राग आला की अजून गावाकडचीच बोलते. मी म्हटलं, तू फोन केलास तर मी या मळ्यात पाय ठेवणार नाही. तिने फोन खाली ठेवला. माझा शब्द अजून चालतो.

१६ फेब्रुवारी
पश्चिमेची पानं वळली. मोटर पंधरा मिनिटं.

रात्री सौ. आत भिंतीकडे तोंड करून रडत होती. मला ऐकू आलं. मला तिचं रडणं सोसवत नाही, हे इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

१७ फेब्रुवारी
काक्याकडे गेलो. स्वतः. चालत. वाटेत भाषण तयार केलं, कडक, तीन मुद्दे. तो मशीनला ग्रीस मारत होता. उठला, हात पुसले, पाया पडला. खाट टाकली. चहा सांगितला. म्हणाला, "लई दिसांनी पाय लागले दादा."

मी मुद्दा एक काढला. म्हटलं, अकरा वर्षं आपलं बोलणं नाही, वैर आहे, हे मान्य करूनच मी आलो आहे.

तो म्हणाला, "कुणाचं वैर?"

मी म्हटलं, आपलं.

त्याने आत हाक मारून बायकोला विचारलं, दादाचं अन आपलं काही भांडण हाय का गं? ती बाहेर येऊन म्हणाली, नाय बा. शहरात ड्युटी असती म्हून येत नसतील.

मी कडब्याच्या खोलीची गोष्ट सांगितली. त्याला आठवेना. बराच विचार करून म्हणाला, "म्हणलो आसन. तवा आमची कडब्याची खोली गावात सगळ्यात मोठी होती दादा."

चहात साखर जास्त होती. मुद्दे दोन आणि तीन राहून गेले.

१८ फेब्रुवारी
सकाळी आठला त्याचं मशीन माझ्या बांधाच्या आत आलं. साडेनऊला उतार तयार. साखळी लावून अकराला माझं मशीन बाहेर. तो टोमणा मारेल म्हणून मी उत्तर पाठ करून उभा होतो. एवढंच म्हणाला, "घेण्याच्या आधी मला इचारायचं नं दादा. मी नाय म्हणलो असतो."

मग त्रिंबकला घेऊन त्याने राहिलेलं काम संध्याकाळपर्यंत उरकलं. सगळं एका दिवसात. घाईचं काम. एक कोपरा काटकोनात नाही.

२४ फेब्रुवारी
कागद अंथरला. मोटर लावली. तळ्यात घोटाभर पाणी. तेवढ्यात विहीर संपली.

२६ मार्च. रात्री ९
घोटाभर पाणी तीन आठवडे पुरलं. पूर्वेच्या ओळी काक्याच्या बोअरवर जगतील. रात्रीची लाईट आली की तो स्वतः उठून पाणी फिरवतो. पश्चिमेची एकशे अकरा झाडं गेली. त्रिंबक सौ.ला सांगत होता, संक्रांतीला तळं भरलं असतं तर एकही जातं ना. मी पलीकडेच उभा होतो.

मी सौ.ला म्हटलं, खरं बघितलं तर चूक काक्याची आहे. वैर नव्हतं, तर अकरा वर्षांत एकदा येऊन सांगायला काय झालं होतं?

ती वाळलेल्या झाडाची फांदी वाकवून बघत होती. कटकन मोडली. तिने माझ्याकडे कुऱ्हाड मागितली. मी पळत जाऊन आणून दिली. म्हटलं, मी तोडू लागतो.

ती म्हणाली, नको, तुम्ही घरी जा. पहिल्या झाडाशी खाली बसली आणि बुंध्यावरून हात फिरवत राहिली.

मी उस्मानपुऱ्याला आलो. एकटाच.