याकूबच्या वाट्याचा पेला

मी, पूर्णिमा जीवन शिरसाठ, वय सत्तर, अविवाहित, धर्माने ख्रिस्ती, लष्करी परिचर्या सेवेतून निवृत्त लेफ्टनंट कर्नल, राहणार लालबाग, बुऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणू शकेल असा माणूस माझ्या ओळखीत नाही. वकीलसाहेबांनी हिंदीत लिहा असे सुचवले. मी मराठीत विचार करते, अनुवाद त्यांनी करून घ्यावा. याआधीचे सर्व कागद रद्द समजावेत.

१. लालबागचे राहते घर माझा भाचा रितेश आणि त्याची पत्नी निशा यांना निम्मे-निम्मे द्यावे. निशाचे नाव मुद्दाम घातले आहे. माझ्या ऑपरेशननंतर बेडपॅन तिने उचलले, रितेशने फळे आणली. मोरीचा उतार उलटा आहे, हे मी गवंड्याला तेव्हाच सांगितले होते. तो आता तरी दुरुस्त करावा.

२. बँकेतील ठेवी रितेशची मुलगी तृप्ती हिला. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझ्याच सेवेत जाण्यासाठी परीक्षा देणार आहे. या पैशातून लग्नाचा हॉल घेऊ नये.

३. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, कात्र्या, चिमटे आणि उकळण्याचा डबा खकनारच्या आरोग्य केंद्रातील प्रतिभा सिस्टरला. कात्रीने सुतळी कापलेली मला चालणार नाही, मी असले काय आणि नसले काय.

४. शेजारी संदीप याला माझी लोखंडी शिडी. ती त्याच्याकडेच आहे. "मॅडम पाकिस्तानात फोन करतात" ही बातमी ठाण्यावर त्यानेच पोहोचवली. दोन शिपाई आले, चहा प्यायले, कपाटातला पितळी पेला हातात घेऊन एकाने विचारले, "मॅडम, इसमें क्या है?" मी त्यात पाणी ओतून पिऊन दाखवले. संदीपला मी क्षमा केली आहे. शिडीच्या तिसऱ्या पायरीचे वेल्डिंग सुटले आहे, हे त्याला कळवावे.

५. बाजाची पेटी आमच्या गावातील दोन्ही मंडळ्यांना मिळून. एकाच रस्त्यावर दोन चर्च आहेत, आणि खुर्च्या कोणाच्या यावरून नाताळची मिरवणूक वेगवेगळी निघते. दोघांनी एकत्र उपासना केली तरच पेटी द्यावी. तसे न झाल्यास समोरच्या मनकर्णाबाईंच्या भजनी मंडळाला द्यावी. त्या वाजवतील तरी.

६. आता पेला. हे कलम मी तीन वेळा फाडले.

पेला माझ्या आईचा. तिच्या लग्नातला, काठाखाली ठिपक्यांनी 'सौ. सुनंदा' असे नाव घातलेला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर काँगोला गेले तेव्हा तो पेटीत होता. आमच्या इस्पितळात सगळ्या देशांचे सैनिक येत. रविवारी संध्याकाळी औषधांच्या तंबूत आम्ही चौघे प्रार्थनेला बसू लागलो: घानाचा कॉर्पोरल इमॅन्युएल, उरुग्वेची नर्स लुसिया, मी, आणि पाकिस्तानी तुकडीतला नाईक हुद्द्याचा, ख्रिस्तीच, याकूब मसीह. तो पायात लोखंड घुसून आमच्याकडे दाखल झाला होता. पहिल्या दिवशी त्याने भीत भीत "सलाम, सिस्टर" म्हटले. आम्ही मराठी ख्रिस्ती एकमेकांना सलामच म्हणतो, तसे मी सहज "सलाम" म्हटले. तो उठूनच बसला. "आपके यहाँ भी?" मी म्हटले, "हमारे यहाँ भी. लेटे रहो, टाँका टूट जाएगा."

पाळक नव्हता, त्यात लुसिया कॅथलिक, इमॅन्युएल टाळ्या वाजवून प्रार्थना करणाऱ्या पंथातला. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, करता येत नव्हते, म्हणून आम्ही आईच्या पेल्यातून एकेक घोट साधे पाणी पीत असू. प्रभूची प्रार्थना प्रत्येकाने आपल्या भाषेत, एकाच वेळी. ज्याची आधी संपेल त्याने थांबायचे. शेवटच्याची संपल्याशिवाय आमेन म्हणायचे नाही. याकूब नेहमी शेवटचा. तो प्रत्येक शब्द तपासून घेतल्यासारखा म्हणे. इमॅन्युएल म्हणायचा, "देव म्हातारा होईल, ब्रदर!" पण थांबायचा.

परतताना दातांच्या डॉक्टरच्या ड्रिलने चौघांनी आईच्या नावाखाली आपापली नावे कोरली आणि चिठ्ठ्या टाकल्या. पेला एकेकाकडे वर्षभर राहणार, मग पुढच्याकडे जाणार: इमॅन्युएल, लुसिया, मी, याकूब. घानाहून तो उरुग्वेला गेला, तिथून बुऱ्हाणपूरला आला. समुद्र ओलांडून आला. माझ्याकडे येऊन थांबला.

वर्ष संपल्यावर मी पार्सल बांधले. याकूबचा फोन आला, "सिस्टर, अभी मत भेजिए. इधर पूछताछ होती है." 'अभी' म्हणाला, म्हणून मी थांबले. पुढे त्याचा नंबर लागेना. मग इमॅन्युएलमार्फत पाठवला. याकूबच्या सियालकोटहून पार्सल घानाला परत गेले, तिथून माझ्याकडे. 'घेणारा नाही' असा शेरा. माझ्या जुन्या वरिष्ठांना विचारले. ते म्हणाले, "पूर्णिमा, या वयात हे कशाला?" गेल्या वर्षी दोन्ही देशांमधले टपालच बंद झाले. याकूब आहे की नाही, हेही मला माहीत नाही. तीस-बत्तीस वर्षे मी हुकूम दिले आणि ते पाळले गेले. इथे हुकूम द्यायला कोणी नाही.

पेला तृप्तीला द्यावा असे मी लिहिले होते. रितेशने वाचले.

"आत्या, उद्या तृप्तीचं पोलीस व्हेरिफिकेशन येईल. घरात तिकडच्या माणसाचं नाव कोरलेलं भांडं. काय सांगायचं त्यांना?"

"पाणी प्यायचं भांडं आहे, सांग."

"तुझं ठीक आहे. तू रिटायर आहेस. पोरीची खालीपिली वाट लागेल. कासाराकडे देतो, नावं घासून टाकतो. आजीचं तेवढं ठेवतो."

तो चुकीचे बोलत नव्हता. तृप्ती दारात उभी होती. तिला काय हवे, ते मी विचारले नाही.

म्हणून पहिला मजकूर फाडला. पेला माझ्याबरोबर पुरावा, असे लिहिले. तोही फाडला. पुरला की याकूबची पाळी गेली. चर्चला द्यावा, असे लिहिले. कोणत्या चर्चला? तोही फाडला.

आता असे लिहिते. पेला तृप्तीने मागितला तर तिला द्यावा. न मागितल्यास कारण विचारू नये. मग मनकर्णाबाईंनी तो याकूबची ठेव म्हणून आपल्या देवघराशेजारी ठेवावा. त्यांनी होकार दिला आहे. "आमच्या देवाला काही अडचण नाही, कर्नलबाई," असे त्या म्हणाल्या. कोणाकडेही असो, नावे घासू नयेत. कपाटात ठेवू नये, पाणी प्यावे. कधी वाट खुली झाली तर याकूबला, तो नसल्यास त्याच्या मुलाबाळांना पोहोचवावा. होईल असे मला वाटत नाही. लिहून ठेवणे एवढेच माझ्या हातात आहे.

७. दफन साधे करावे. भाषणे नकोत. दोन्ही पाळकांना बोलवावे, आले तर. कबरीपाशी प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपल्या भाषेत म्हणावी; मनकर्णाबाईंनी त्यांना येते ते म्हणावे. सगळ्यांचे संपल्यावर लगेच आमेन म्हणू नये. थोडे थांबावे. एक माणूस सावकाश म्हणतो. तो तिथे नसेल, हे मला माहीत आहे. तरी त्याला लागेल तेवढा वेळ थांबावे. मग आमेन म्हणून माती द्यावी.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. सहाव्या कलमात बदल करावासा वाटतो, पण काय, ते कळत नाही. तसेच राहू द्यावे.

ठिकाण: लालबाग, बुऱ्हाणपूर
दिनांक: १२ जानेवारी २०२६

सही: पूर्णिमा जीवन शिरसाठ

आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर सही केली:

साक्षीदार १: मनकर्णा धोंडू पाटील, लालबाग
साक्षीदार २: डॉ. समाधान महाजन, बहादरपूर